बाबांच्या फोनवरचा ओटीपी

अगं, सेक्टर सतराच्या त्या दुकानात आपलं आपण प्रिंट काढायचं मशीन आहे ना, त्यात माझं खातं बाबांच्या नंबरवर आहे. इथे आले होते तेव्हा हौसेने त्यांनीच उघडलं. त्यामुळे परवा ओटीपी गेला सांगलीला. स्पीकरवर फोन लावला, तर म्हणाले, "कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय यात."

"बाबा, मी बोलतेय!"

"कशावरून? घरात तुला काय म्हणतात?"

मागे ही रांग! हळूच म्हटलं, "ढब्बू."

"ऐकू नाही आलं."

"ढब्बू!" ओरडलेच मी.

मागचे सरदारजी फोनकडे वाकून म्हणाले, "दे दो अंकलजी, पक्का ढब्बू ही है!"

दुकानदार हसत म्हणाला, "मॅडम, नंबर बदल दूँ?"

म्हटलं, "रहने दो जी."

आई गेल्यापासून मला ढब्बू म्हणणारे तेवढे एकच उरलेत गं.