एक्केचाळीस शून्ये

माझा जन्म एकोणीस एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झाला, आणि ही वेळ मला मिनिटासकट ठाऊक आहे याचे श्रेय कमलआत्याचे, कारण दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरी सुईण माझी नाळ कापत होती तेव्हा घड्याळाकडे बघणारी ती एकटीच होती. आमचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचे पाणी खारट, हातपंपाचे खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे घरोघरी दोन रांजण, एक खाऱ्याचा, एक गोड्याचा, आणि गोडे पाणी बैलगाडीवर दुरून आणलेले. पाहुणा आला की त्याला तांब्याभर गोडे पाणी ताटलीत ठेवून हातात द्यायचे. घरच्यांनी मात्र आपले आपण उठून घ्यायचे. त्या पहाटे आत्याने माझ्या पहिल्या अंघोळीसाठी गोड्या पाण्याची अख्खी घागर ओतली, आणि त्यावरून आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आत्या लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली होती. शाळा तिसरीपर्यंत. मी अमरावतीला वसतिगृहात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले, तिथेच ही अशी घासूनपुसून घेतलेली भाषाही कमावली, आणि अकोल्याच्या एका महाविद्यालयात शिकवू लागले तेव्हा घर सांभाळायला आत्या माझ्यासोबत आली. शिकवणे हे माझे अंतिम ध्येय नव्हते. मला पीएच.डी. करायची होती, विषय ठरला होता, समुद्री पाण्यातल्या शेवाळाचे नियंत्रण, आणि समुद्र पाचशे किलोमीटर दूर म्हणून मी तो घरी मांडला. दोनशे लिटरची काचेची टाकी, मीठ घालून तयार केलेले पाणी, थोडे दगड, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. बाबा गावाहून बघायला आले आणि म्हणाले, आमी जलमभर खाऱ्या पाण्यापासून पळून राह्यलो अन् तू मीठ इकत आणून खारं करून राह्यली. गावात महिनाभर हा विनोद चालला.

इथे थोडे रसायन सांगावे लागेल. टाकीतले पाणी रोज आटते, पण आटते ते फक्त पाणी, मीठ मागे उरते. त्यामुळे रोज भर घालायची ती अगदी शुद्ध पाण्याची, ज्यात काहीही विरघळलेले नाही. त्यासाठी मी स्वयंपाकघरात आरओ बसवला, पुढे आणखी एक गाळणी जोडली. त्याच तोटीवर आत्या पिण्याचा माठ भरायची. पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारा पेनएवढा मीटर मी आणला होता, आणि जानेवारीपासून रोज सकाळी सहा-चाळीसला तो बुडवून वहीत आकडा लिहीत होते. शून्य. रोज शून्य.

एप्रिलमध्ये अकोल्यात नळ पाच दिवसांआड येऊ लागला. एकवीस एप्रिलला मी आरओ इमारतीच्या बोअरवर जोडला. त्या सकाळी मला परीक्षेच्या कामाची घाई होती. काय सांगू तुम्हाला, तीन महिने जो आकडा बदलला नाही तो आजच कसा बदलेल असे माझ्या मनाने मला सांगितले, आणि मी वहीचे पान उलटून त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, मेअखेरपर्यंतच्या पुढच्या तारखांसमोरसुद्धा, एका दमात शून्ये लिहून टाकली. पेन न उचलता म्हटले तरी चालेल. माझे विद्यार्थी प्रयोगवहीत असे करतात तेव्हा मी ते पान फाडते.

मेच्या पहिल्या आठवड्यात काचेवर तपकिरी साय धरली. मग दगडांवर हिरवे केस आले, बोटभर लांब, पाण्यात डुलणारे, दिसायला सुंदर आणि टाकीच्या मुळावर उठलेले. मी ब्रशने खरवडले, दिव्याचे तास दहावरून सहावर आणले, मुंबईहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या, तीन दिवस पूर्ण अंधार हवा म्हणून टाकीवर आत्याची गोधडी घातली. आत्या म्हणाली, बेचाळीस डिग्रीत माशाले गोधडी, उद्या स्वेटर विन त्याईले. शेवाळ दर वेळी परत आले. नायट्रेट, म्हणजे शेवाळाचे खत म्हणा, वाढतच होते. खत येते कुठून, तर माशांच्या खाण्यातून. आणि मी महाविद्यालयात असताना माशांना खायला घालत होती आत्या.

मी तिला विचारले. ती म्हणाली, तीन बोटांची चिमूट, तू दावली तेवढीच. मी म्हटले, तुझा जीव राहत नाही, तू जास्त टाकत असशील. ती म्हणाली, म्या मोजून टाकली, माय. मी खाण्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावले. तरीही नायट्रेट वाढले तेव्हा मी मानले की ती त्यांना पोळीचा चुरा घालते. तिने नाही म्हटले, मी तिच्या पदराचा वास घेतला. हे मी आज तुम्हाला सांगते आहे, पण हे वाक्य तोंडातून काढायला मला किती महिने लागले ते मला विचारू नका.

याच दिवसांत एकदा माठातले पाणी तोंडात धरून ती म्हणाली होती, ह्या पाण्याची गोडी गेली, जड लागून राह्यलं. आमच्या पट्ट्यातल्या बायांची जीभ तशी असते. कुठल्या घागरीत कुठले पाणी मिसळले ते एका घोटात सांगतात. मी वही उघडून तिला रकाना दाखवला. म्हटले, हे बघ, शून्य, जीभ हे काही उपकरण नव्हे. ती शून्ये मोजलेली नव्हती हे माहीत असणारी त्या खोलीत मी एकटी होते, आणि खरे सांगते, त्या क्षणी मलाही ते आठवले नाही. लिहिलेला आकडा मला खरा वाटू लागला होता.

वीस मेला अमरावतीत, जिथे मला पीएच.डी.ला प्रवेश हवा होता त्या विभागात, माझे सादरीकरण होते. मी आत्याला हट्टाने नेले. ती हिरव्या काठाचे लुगडे नेसली, सगळ्यांसाठी डबाभर चिवडा घेतला, आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसली. मी आलेख दाखवला, नायट्रेटची चढती रेघ, आणि पुढच्या चित्रावर कारण: आहार देणारी व्यक्ती अप्रशिक्षित. सोबत छायाचित्र होते, टाकीवर चिमूट सोडणारा हात. मनगटावर तुळशीचे गोंदण. मी म्हटले की घरगुती प्रयोगात सर्वांत अनियंत्रित घटक माया हा असतो, आणि लोक हसले. प्राध्यापकही हसले. ते वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर तयार केले होते.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडले. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, माया हात लयच मोठा दिसत होता तिथं. आमच्या बोलीत माया म्हणजे माझा. चिवड्याचा डबा मांडीवर होता, न उघडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माठ घासून पालथा घातला आणि गावी गेली. मी अडवले नाही. आता चल, म्हणजे प्रयोगातला बदलणारा घटक, स्थिर झाला, असा विचार मी केला. माझ्या आत्याबद्दल.

अकरा दिवस माशांना फक्त मी खायला घातले, तराजूवर तोलून. नायट्रेट तरीही वाढले. संशयित घटक काढला आणि परिणाम तसाच राहिला, म्हणजे तो घटक निर्दोष. हे मी अकरावीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. स्वतःला समजायला मला अकरा दिवस लागले, त्यातले निदान पाच दिवस मला ते समजलेले होते आणि मी समजून घेत नव्हते. एक जूनला सकाळी माठ रिकामाच म्हणून मी तोटीखाली ओंजळ धरली आणि पहिल्यांदाच आत्यासारखा घोट तोंडात धरून प्यायले. पाणी जड होते. लहानपणी चुकून दुसऱ्या रांजणातले पाणी तोंडात गेले की जिभेच्या कडेला जे कळायचे, तेच.

मग मी मीटर बुडवला. तीनशे चाळीस.

बोअरच्या क्षारांनी आरओचा क्षार गाळणारा पडदा कामातून गेला होता. त्या पाण्यातले नायट्रेट मोजले तर लिटरला चाळीस मिलिग्रॅम. एकवीस एप्रिल ते एकतीस मे, एक्केचाळीस दिवस, रोज चार लिटर, म्हणजे एकशे चौसष्ट लिटर. गुणाकार केला, दोनशेने भागले, टाकीत आधी होते ते पाच मिळवले, उत्तर आले अडतीस. टाकीच्या चाचणीचा रंग चाळीसच्या पट्टीला जुळत होता. आत्याच्या चिमटीसाठी त्या बेरजेत जागाच उरत नव्हती. सगळे शेवाळ माझे होते.

त्याच दिवशी दुपारची बस धरून मी गावी गेले. मी ओसरीवर पाय ठेवला तसा आत्याने तांब्याभर गोडे पाणी ताटलीत ठेवून माझ्यासमोर धरले. तिने हे रागाने केले नाही, बोल लावायला केले नाही, नीट, हसतमुखाने केले, जसे कोणाही आल्यागेल्याचे करतात. मी तो तांब्या घेऊ शकले नाही. उभ्यानेच तिला सगळे सांगितले, न मोजलेली शून्ये, पडदा, गुणाकार, सगळे. बाबा म्हणाले, पाण्यावरून एवढं काय मनाले लावून घेता तुमी बाया. आत्याने त्यांना हाताने गप्प केले आणि मला विचारले, थ्या लोकाईले सांगशीन का तू हे?

सांगितले. जुलैमध्ये त्याच सभागृहात पाच मिनिटे मागून घेतली, वहीचे पान दाखवले, एक्केचाळीस शून्यांवर मारलेली लाल रेघ दाखवली, आणि तो हात माझ्या आत्याचा असून त्याची मोजणी अचूक होती हे नोंदवून घ्यायला लावले. या वेळी कोणी हसले नाही. प्रवेश पुढच्या वर्षावर गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केले असते.

पडदा बदलला, पाणी थोडे थोडे करून बदलले, शेवाळ हळूहळू पिवळे पडून सुटले. मासे वाचले. आत्या परत आलेली नाही. विचारले की म्हणते, येईन ना, घाई कायची हाये, आणि मी घाई करत नाही. दर रविवारी बाटलीभर पाणी घेऊन जाते, ती घोट घेते, तोंडात धरते, मान हलवते, आणि मी वहीत तिच्या नावाच्या रकान्यात लिहिते. परवा गेले तेव्हा उन्हातून आलेली, घसा कोरडा, ओसरीवर बसून तिच्या हाताकडे बघत राहिले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, उठली नाही. म्हणाली, पाहून काय राह्यली, तिकडं रांजण हाये, घे तुयाच हातानं. मी उठून घेतले. पाठमोरी उभी राहून प्यायले, कारण तोंड दाखवण्यासारखे नव्हते.

रोज सकाळी तिचा फोन येतो, मोजलं का, एवढेच विचारते आणि ठेवते. आजही आला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी मीटर बुडवला, आकडा थांबेपर्यंत धरला, आणि मगच पेन उचलले. चार.