हाकेचं नाव

काशम्मा : बारशाला यायचं, ते कळलं. नावाचं काय म्हणालास, ते परत सांग. शिलाई मशीन चालू होतं, नीट ऐकू आलं न्हाई.

रुद्रप्पा : ऐकलंस तू, अक्का.

काशम्मा : ऐकलं. तरी परत सांग.

रुद्रप्पा : रुतुजा. रुतुजा ठेवायचं म्हणतोय.

काशम्मा : माझ्या पोरीचं नाव.

दानेश्वरी : नाही अक्का, एक्झॅक्टली तेच नाही. तुमच्या ऋतुजाला ऋषीतला ऋ होता. आम्ही र ला उकार देतोय. रुपयातला रु.

काशम्मा : रुपयातला. बरं झालं बाई, फोड करून सांगितलीस.

दानेश्वरी : दोन्ही स्पेलिंग चालतात हल्ली. कुठलं घ्यायचं त्यावरच अडलं होतं आमचं. हे तर म्हणत होते, तुमचंच ठेवू.

रुद्रप्पा : मी म्हटलं होतं, अक्का. ऋ च ठेवू म्हटलं होतं.

काशम्मा : तू काय काय म्हणतोस रे रुद्रा, आणि हुतं काय काय. बस की नीट. पाव्हण्यासारखा कडेला बसलायस. आणि कानात नाव सांगायचं मी?

रुद्रप्पा : आत्याचाच मान असतो की तो.

काशम्मा : मग कुर्र करताना काय सांगू? रुपयातला रु, असं सांगू? पोरीला कळंल?

रुद्रप्पा : टोमणे मारू नको.

काशम्मा : टोमणा न्हवं. बारीकसारीक आधीच विचारून ठेवलेलं बरं असतं. आता हेच बघ. दाने, तुझ्या डोहाळजेवणाला मी कुटं बसले हुते गं? आठवंना झालंय.

दानेश्वरी : अक्का, तेव्हा हॉल लहान होता...

काशम्मा : व्हय. मी लई जागा घेते.

रुद्रप्पा : चुकलं आमचं. हजारदा चुकलं.

काशम्मा : एकदाच चुकलं, रुद्रा. उगं वाढवू नको. शेंगापोळ्या पाठवल्या हुत्या मी. डबा परत आला तो धुऊन, पुसून, रिकामा. चिमूटभर साखर घालायला पण भ्याली कुणीतरी.

दानेश्वरी : माझी आई जुन्या वळणाची आहे हो. ती म्हणाली, ओटी भरायला...

काशम्मा : ओटी भरायला लेकरू गेलेली बाई चालत न्हाई. म्हाईत हाय मला. ओटीला चालत न्हाई, कानात बोलायला चालते.

रुद्रप्पा : दुसरी आत्या कुठली आणू मी?

काशम्मा : हां. हे खरं बोललास. चहा ठेवू का आता?

रुद्रप्पा : चहा राहू दे. ऐक, नाव काय आम्ही हौसेनं नाही काढलं. दिवेलागण झाली की पोरगी जी रडायला लागते, निळी पडते. डॉक्टर झाले दोन. शेवटी आपल्या अव्वानं, आजीचाच जीव तो, मठातल्या अय्यांना विचारलं. ते म्हणाले, घरातली गेलेली पोर मागं फिरतीय. तिचं नाव ठेवा, शांत होईल.

काशम्मा : माझी पोर तुज्या लेकराला रडवती?

रुद्रप्पा : मी नाही, अय्या म्हणाले.

काशम्मा : आणि रुपयातला रु कुणी म्हणालं?

दानेश्वरी : ते मी न्यूमरॉलॉजीवाल्या सरांना विचारलं. ऑनलाइन. सर म्हणाले, सेम स्पेलिंग घेतलं तर... म्हणजे तिचं जे झालं ते... मला नाही बोलता येत, अक्का.

काशम्मा : मी बोलते की. तिचं नशीब बी नावासंगं येईल. पहिलीत जायच्या आधीच ताप येईल, आणि संपंल.

दानेश्वरी : आई आहे मी. मला भीती वाटते.

काशम्मा : मी बी आईच हाय. म्हंजे कसं, माझ्या पोरीला दाखवायचं, बघ, तुजंच नाव ठेवलं, आता गप बस. आणि नशिबाला दाखवायचं, बघ, अक्षर येगळं हाय, ही दुसरीच पोर. मेलेल्याला बी फसवायचं आणि देवाला बी. रुद्रा, चिंचोळीच्या कारखान्यात हेच शिकवतात व्हय रे तुला? एकाच मालावर दोन शिक्के?

रुद्रप्पा : बोल. तुला बोलायचा हक्क आहे.

काशम्मा : हक्क नको देऊ. मला एक सांग फक्त. पोरगी चालायला लागली की गल्लीत खेळायला जाईल न्हवं?

रुद्रप्पा : जाईल की.

काशम्मा : सांज झाली की दारात उभं राहून हाक मारणार तुमी. मोठ्यानं.

रुद्रप्पा : ... मारणार की.

काशम्मा : अख्ख्या नावानं मारा. माझी पोर नुसतं ऋतु म्हटलं तर ओ देत न्हवती. अख्खं नाव घ्या म्हणायची, मी काय अर्धी हाय?

रुद्रप्पा : आठवतंय.

काशम्मा : चार वर्सं झाली. ह्या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं न्हाई. मी घेतलं की तुजे भावजी चप्पल घालून भाहेर जातात. शेजारची सोनाबाई, एवढी बोलकी बाई, लगेच भाजीचा भाव काढती. तुज्या पोरीला हाक मारताना कुणी भाजीचा भाव काढणार न्हाई. माझ्या कानावर तरी पडंल. शनवारी येत जाईन, दारात बसीन, चहा बी नको तुमचा.

दानेश्वरी : चहाचं काय, अक्का...

काशम्मा : मग असू दे. ऋ असू दे न्हाई तर रु. उच्चार एकच हाय. ठेवा. येते मी.

रुद्रप्पा : येतेस? बघ दाने, म्हटलं होतं ना, अक्का नाही म्हणणार नाही.

(खालून, गल्लीतून, तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येतं.)

काशम्मा : हे कुणाचं लेकरू रडायलंय? आमच्या गल्लीत तर तान्हं कुणी न्हाई.

दानेश्वरी : आई, परीला खांद्यावर घे गं. आलेच मी. परी, परी, आले हं बाळा.

काशम्मा : दाने, ये आत. खिडकीतून एवढं वाकू नको. खाली कोण हाय?

रुद्रप्पा : सासूबाई आहेत. गाडीत. एसी लावून बसल्यात.

काशम्मा : पोरीला घिऊन. आणि मी मघाशी विचारलं तर म्हणालास, ऊन हाय म्हणून घरी ठिवली.

रुद्रप्पा : अय्या म्हणाले, नाव ठेवेपर्यंत त्या घरात नको न्यायला.

काशम्मा : त्या घरात न्हवं. ह्या घरात म्हण. बसलायस की हितंच. बरं, आणि परी कोण?

दानेश्वरी : ते असंच, लाडानं.

काशम्मा : लाडानं मारलेली हाक लगेच जिभेवर येत न्हाई, दाने. रुळलेली येती. रुद्रा, तू सांग.

रुद्रप्पा : घरात परीच म्हणायचं ठरलंय. ते नाव नुसतं पाळण्यावर. आणि दाखल्यावर.

काशम्मा : आणि शाळेत?

दानेश्वरी : शाळेचं बघू नंतर. बदलून घेता येतं, गॅझेटला देऊन. अक्का, रोज रोज ते नाव तोंडातून... नाही होणार माझ्याच्यानं. तुम्ही समजून घ्या.

काशम्मा : घेतलं समजून. लई सोपं हाय. तू सांजंला दारात उभी राहून परी म्हणून वरडणार, आणि मी शनवारी येऊन ते ऐकणार.

रुद्रप्पा : अक्का, रडू नको.

काशम्मा : कोण रडतंय? खाली तुजी पोरगी रडतीय, तिकडं बघ. जा दाने, जा तू. तिला आई पाहिजे.

दानेश्वरी : येते अक्का. राग धरू नका.

काशम्मा : जपून उतर. जिन्याची तिसरी पायरी हालती.

रुद्रप्पा : ...मग काय सांगू अव्वाला? येतेस की नाही?

काशम्मा : येते. ह्या येळी बोलावलंत.

रुद्रप्पा : आणि नाव?

काशम्मा : परीच ठेवा. वाईट न्हाई. हाक मारता तेच मी कानात सांगीन.

रुद्रप्पा : आणि अय्या म्हणाले त्याचं काय? ती मागं फिरतीय म्हणाले ते?

काशम्मा : अय्यांना म्हणावं, दुसरं कायतरी बघा. पोट बघा लेकराचं, कान बघा. ती तुमच्या घरी आलेली न्हाई, रुद्रा. अख्ख्या नावानं हाक मारल्याबिगर ती कुणाच्याच उंबऱ्यात पाय ठेवत न्हवती.