झाकलेलं दिसायला नको

नाही मावशी, मुंढाच घट्ट आहे, मी सांगते ना. तुम्ही सैल करून दिलात, मान्य, पण फरक नाही पडला — डान्सचे सर म्हणतात मायाचा हात खांद्याच्या वर जातच नाही, अर्ध्यापर्यंत येतो आणि परत पोटावर जाऊन बसतो. म्हटलं सर, पोरगी कशाला हात चोरेल, पाच वर्षांची होती तेव्हापासून नाचते, ब्लाउजच काखेत आवळत असणार. म्हणून तशीच उठून आले बदलापूरहून. परवा टीव्हीच्या डान्सच्या कार्यक्रमाचं शूटिंग आहे गोरेगावला, आणि परवाच जर हिचा हात वर नाही गेला तर पहिल्याच फेरीत टाटा करतील, सगळ्या मांजर्लीला सांगून बसलेय मी. माया, त्या स्टुलावर बस. मशीनच्या चाकाला हात लावू नकोस. आणि फ्रॉक नीट घे खाली.

हां, आणि हे मधलं कापड, ब्लाउज आणि घागऱ्याच्या मधलं, ते पण जरा बघा, कडेला चुणी दिसते. चुणी नको. म्हणजे कसं आहे मावशी, पोट दिसायला नको — पण झाकलेलंही दिसायला नको. कठीण काय त्यात, तुम्ही एवढ्या शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवता. चॅनलची बाई फोनवर तेच म्हणाली, हिंदीत बोलते ती, फार गोड — 'दीदी, बच्ची का पेट नहीं दिखना चाहिए, आजकल पब्लिक कंप्लेंट करती है, आप स्किन लगवा लो.' मी हां हां म्हटलं. फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं, स्किन लगवा लो म्हणजे काय, पोरीला आहे की स्किन. सातवीपर्यंत शिकलेय मी, विज्ञानात त्वचा होती आम्हाला, पाच ज्ञानेंद्रियांत शेवटची. मीटरवर मिळते असं काही नव्हतं लिहिलेलं.

गेले मग उल्हासनगरला, दोन नंबरच्या कापडबाजारात. म्हटलं शेठ, स्किन द्या. त्यांनी ताग्यातनं हे ओढलं, गुलाबी गुलाबी, सोललेल्या बटाट्यासारखं. म्हटलं हे नको, स्किन पाहिजे. म्हणाले, 'यही स्किन है, बहनजी.' म्हटलं कुणाची. ते हसले, सिंधी माणूस, गिऱ्हाइकाला दुखवत नाहीत ते, माझ्याकडे बघितलं, मायाकडे बघितलं, म्हणाले, 'कंपनी में एकही बनती है. आपको डार्क में चाहिए तो कॉफी बोलो.' आता घ्या. दुसऱ्यांची असली तर स्किन, आपली असली तर कॉफी. — नाही, कॉफी नाही घेतली. कॉफी घेऊन काय करू, टीव्हीवर जायचंय, जरा उजळ दिसली तर कुणाचं काय जातं. चॅनलची बाई म्हणालीच, बाकीचं मेकअपवाली जुळवून घेते, तोंड आणि हात. म्हणजे कापडाला पोरगी जुळवणार, पोरीला कापड नाही — असू दे, त्यांचं काम त्यांना माहीत. मीपण रात्री थोडं बेसन-हळद लावते तिला. थोडंच. तुम्ही नका असं बघू मावशी, सगळेच लावतात.

आता पब्लिक कंप्लेंट करते म्हणजे कोण करते, हा प्रश्न आहे. करते कोण, तर आम्हीच. नाही, खरंच. ते बंगल्यात कोंडून ठेवतात ना माणसं, बाया-बाप्ये एकत्र, आणि चोवीस तास कॅमेरे — तो कार्यक्रम. त्यात एक पोरगी पोहायच्या हौदात उतरली, अंगावर काय होतं नव्हतं ते सोडा. ती उतरली असेल एकदा. बातम्यांवाल्यांनी तिला शंभरदा उतरवली. इकडे चार माणसं टेबलाशी बसून संस्कृतीवर भांडतायत, आणि बाजूच्या चौकोनात ती उतरतेय, उतरतेय, परत उतरतेय. मायाचे पप्पा म्हणे, चर्चा चांगली चाललीये, आवाज बंद कर. असा आहे माझा महेंद्र. सासूबाई म्हणाल्या, पोट काय बघायचंय कुणाचं, आमची तर पाठीला लागलेली असायची. त्यांना काय, त्यांना मोर्च्याला नेलं नव्हतं.

मोर्चा, हो. आमच्या महिला मंडळाच्या सरस्वतीकाकू — शाळेतल्या रिटायर बाई, काठाची साडी, बोलायला लागल्या की आपल्याला आपलाच पदर तपासावासा वाटतो — त्या म्हणाल्या, लाज उरलीये की नाही, आपण गप्प बसायचं का. नाही बसलो. आता मोर्चा न्यायचा कुठे, चॅनल तर मुंबईत, कुणी ओळखत नाही. मग आमच्या केबलवाल्याकडे नेला, चंदरकडे. तो बिचारा वडापाव खात होता. म्हणाला काकू, वरनं येतं ते मी खाली सोडतो, मी काय केलं. काकू म्हणाल्या वरनं येतं ते सगळं खाली सोडायचं असतं का. घोषणा मी देत होते. मी पुढे होते — म्हणजे मला आवाज आहे म्हणून ठेवलं पुढे, बाकी मला काय त्यातलं कळतं. खरं सांगू का, तो कार्यक्रम मी बघत होते. माहीत असायला नको का, कशाच्या विरुद्ध ओरडतोय ते.

चंदरने काय केलं, चॅनलच काढून टाकलं. अख्ख्या मांजर्लीत. आठवडाभर आम्ही कॉलर ताठ करून फिरलो, मग बायकांच्या लक्षात आलं की दुपारची सिरियल पण त्याच चॅनलवर होती. काकूंच्या तोंडाची तर चवच गेली, पण बोलणार कशा. आणि आता बघा नशीब — मायाचा डान्सचा कार्यक्रम त्याच चॅनलवर. पोरगी नाचणार, कल्याणला दिसणार, कर्जतला दिसणार, बदलापूर गावात दिसणार, फक्त आमच्या मांजर्लीत नाही. गेले मी चंदरकडे. म्हटलं चंदरभाऊ, झालं गेलं. तर म्हणतो कसा, 'वहिनी, बंद मोर्च्याने केलंय, चालू पण मोर्च्यानेच करतो. घोषणा तुम्हीच द्या, तुमचा आवाज चांगलाय.' मेल्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवलं.

तेवढ्यात काकूंच्या कानावर गेलंच. घरी आल्या, मायाच्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणाल्या, 'यशोधरा, पोरगी गुणाची आहे, नाव काढेल. फक्त आम्हाला मान खाली घालायला लावू नकोस म्हणजे झालं.' बस, एवढंच. चहा पण नाही घेतला. एवढंच म्हणाल्या पण मला त्या रात्रीपासून झोप नाही मावशी. म्हणजे बघा, मी ओरडले दुसऱ्याच्या पोरीवर, भर रस्त्यात, आता माझी पोरगी घागरा घालून उभी राहणार म्हटल्यावर पहिलं बोट कुणाकडे येणार. उद्या हिला शाळेत काही बोलले, उद्या मोठी झाल्यावर कुणी काढलं — तू तीच ना, टीव्हीवर नाचली होतीस ती. पोरीच्या जातीला एकदा लागलं की निघतं का. म्हणून मी आधीपासून काळजी घेते. घरात सराव करते ना ती, तेव्हा मी बाजूला बसून नुसतं लक्ष ठेवते. हात वर गेला की ब्लाउज वर जातो, ब्लाउज वर गेला की मी म्हणते, माया, पोट. बस. ओरडत वगैरे नाही. माया, पोट. मायाचे पप्पा चिडवतात, तुझ्या आईचा हा कुठला ताल गं, सगळ्यांचं एक दोन तीन चार, हिचं पोट पोट पोट पोट. सारखं नाही म्हणत मी. आता जेवताना वगैरे वाकली, फ्रॉक वर गेला, तर म्हणते. झोपेत पांघरूण सरकलं तर म्हणते. सवय लागावी म्हणून.

आधी फार आडदांड नाचायची हो ही. जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही बघायला हवी होती, डीजेच्या समोर एकटी, दोन्ही हात असे आभाळात, फ्रॉक कुठे, रिबीन कुठे, कशाचं भान नाही. लोकांनी रिंगण केलं होतं तिच्याभोवती. सरस्वतीकाकूंनी स्वतः दहाची नोट ओवाळून टाकली, तेव्हा कुणी पोट बघितलं नाही. त्या मिरवणुकीतच डान्सच्या सरांनी हेरली तिला. आता कशी शिस्तीत नाचते. सर म्हणतात जरा जास्तच शिस्तीत. सरांना काय जातंय म्हणायला.

काय मावशी? घालून दाखवू? दाखवते की. माया, ये. ब्लाउज घाल. — भिंतीकडे तोंड कशाला करतेस गं, मावशी आहेत त्या, इथे कोण परकं आहे. बघा, सवय कशी लागली. हां, आता वळ. घागरा राहू दे, नुसतं वरचं. स्किन नीट खाली ओढ. आता हात वर कर. वर गं. सर सांगतात तसा, कानाला लागू दे दंड. — बघितलंत मावशी, इथेच अडतो. इथे काखेत बघा. तुम्ही बोटं घालून बघा. किती जातात — चार? सैल आहे म्हणता? मग अडतं कुठे. माया, अगं झाकलंय ना पोट, स्किन आहे ना आता, कुणाला काही दिसत नाही, कर बघू हात वर. — काय? तोंडातल्या तोंडात नको पुटपुटू, मावशींना पण ऐकू दे. — ऐकलंत? म्हणते, तूच आता म्हणालीस ना झाकलेलं दिसायला नको, मग लोकांना उघडंच दिसणार ना.

असं नसतं ते, राजा. उघडं दिसतं, पण असत नाही. म्हणजे तुला माहीत असतं की नाही ते. मला माहीत असतं. मावशींना माहीत आहे, त्यांनीच तर शिवलं. लोकांना — लोकांना आता घरोघर जाऊन सांगायचं का, ते कापड आहे म्हणून. काकूंना सांगेन मी. सांगते ना काकूंना. त्यांच्याकडे तर दिसणारच नाही ते चॅनल, तू कशाला.

बरं, काढ ते. काढ, फ्रॉक घाल तुझा. घातलास? आता फ्रॉकमध्ये कर हात वर. अगं फ्रॉकला कुठे पोट असतं. गुडघ्यापर्यंत फ्रॉक आहे तुझा, काय दिसणार आहे त्यात. कर ना. मिरवणुकीत केला होतास तसा. माया. मी काही नाही म्हणणार, एक शब्द नाही, हे बघ तोंडावर हात ठेवला मी. कर.

माया, हात काढ पोटावरचा.

तुम्ही माझ्याकडे काय बघताय मावशी. मुंढा उसवा तुम्ही. मुंढाच घट्ट आहे. — चार बोटं जातात ना, जाऊ देत. अजून उसवा.