आजारी मी हाय का त्यो?

अगं, परवा सासूबाईंना कोल्हापुरात ॲडमिट केलं. सिस्टर इंजेक्शन भरून आली आणि विचारलं कुणाला? आमच्या ह्यांना! "आजींना कुठलं औषध सोसत नाही का?"

"न्हाय," मोबाईलमधनं डोकं वर न काढता हे म्हणाले.

सासूबाईंनी हात हिसकला. "ए बाई, आजारी मी हाय का त्यो? पेनिसिलीननं माझा जीव चालला हुता. तवा ह्यो पोटात हुता, त्याला काय ठावं?"

सिस्टरनं हातातलं इंजेक्शन बघितलं. तेच होतं. गुमान खाली ठेवलं आणि परत ह्यांनाच म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का?"

माझं डोस्कंच फिरलं. ह्यांना दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं आणि दारातनंच सिस्टरला म्हटलं, "आता सासूबाईंनाच इचारा की! दुसरं कोण उरलं न्हाय हितं."