बेबीमावशीच्या नावाचं प्रवेशद्वार

जमलेल्या साऱ्या मंडळींनो, मावशीच्या लेकींनो, घाटंजीवरून आलेल्या पाहुण्यांनो. मी माया. मावशीच्या भिंतीले भिंत लागून आमचं घर. मावशी गेली, त्यावर मी आज काही बोलणार नव्हती. पण आत्ताच नगरसेवकसाहेब बोलले. म्हणाले, "बेबीमावशींच्या स्मरणार्थ गल्लीच्या तोंडाशी भव्य प्रवेशद्वार उभारू." अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. टाळ्या!

साहेब, प्रवेशद्वाराले दोन खांब लागतात. ते कुठं रोवता? मावशी गेली त्या दिवशी ॲम्बुलन्स गल्लीच्या तोंडावरच्या गिरणीपाशीच काहून थांबली? आत यायले रस्ता नव्हता म्हणून. या घरचा ओटा रस्त्यात, त्या घरचा रॅम्प रस्त्यात, अन् उरलेल्या जागेत चारचाकी. त्या फटीले आता कमान पाहिजे!

मावशी भांडली होती. आपल्या गल्लीतल्या भास्कररावाच्या रॅम्पचं सिमेंट ओलं होतं तवाच त्याले म्हणाली, "रस्ता तुले आंदणात भेटला का गा?" तुम्ही हसले. म्हातारी भांडखोर आहे म्हणाले. मग मावशी नगरपरिषदेत गेली. इंजिनिअरसाहेब आले, टेप लावला, भास्कररावाकडं चहा घेतला. जाता जाता म्हणाले, "आजी, मंजूर नकाशात तुमचा रस्ता नऊ मीटर आहे." व्वा, साहेब! मग मावशीले नकाशावरूनच न्यायले पाहिजे होतं. चुकलंच आमचं.

त्या सकाळी मावशीच्या छातीत कळ आली. आम्ही तिले खाटेवर घेऊन निघालो. खाट भास्कररावाच्या गाडीपाशी अडली. तुम्ही सारे आपापल्या ओट्यावर उभे. मावशी मले म्हणे, "माया, वरात पाहून राह्यले का वं हे?" तेच तिचं शेवटचं बोलणं. दवाखान्यात पोचलो तवा उशीर झाला होता.

आता सलीमभाईची सून, रुबिना. गल्लीतलं शेवटचं घर. दिवस भरत आले तिचे. तिले कोणत्या ओट्यावरून उचलून नेता, सांगा? काल आम्ही आमचा ओटा फोडला. तुमच्यापैकी तिघं विचारायले आले, "मलबा कवा उचलता?" आपला ओटा कवा फोडतो, हे एकही नाही बोलला. प्रवेशद्वार नको आमाले. रुबिनाची वेळ यायच्या आधी रस्ता मोकळा करा. लाज असेल, तर उद्याच.

आता मावशीसाठी मौन पाळायचं आहे. उभे राहा. किती वेळ? भास्करराव, तुम्हीच ठरवा. त्या दिवशी खाट तुमच्या दारात होती. आम्ही "गाडी काढा, गाडी काढा" म्हणून बोंबलत होतो. अन् आत तुमची आरती चालू होती. घंटी ऐकू येत होती आमाले. मधातच नाही सोडली तुम्ही. सारी म्हटली, कापूर फिरवला, मग चावी घेऊन बाहेर आले.

तेवढंच मौन पाळू. संपलं की तुम्हीच सांगा.