तीन बोटं

हसा मिस्त्री, दाबून कशाला धरताय — शेडमध्ये जीप बांधली आणि ती दारापेक्षा तीन बोटं उंच झाली, ह्याला कोण हसणार नाही? मीसुद्धा हसले होते. आत गेली तेव्हा साधी बुटकी जीप होती, भंगारातली. मग आमच्या ह्यांनी स्प्रिंगचे पाटे उंच केले, डोंगरवाटेवर दगड पोटाला लागू नयेत म्हणून — मग ट्रॅक्टरला शोभतील असली चाकं — मग वर पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून — आणि तो वेल्ड करून टाकलाय, सुटायचा नाही. चहा घ्या, निवतोय. इथंच पायरीवर बसू, हे शेडमध्येच खाटेवर पडलेत, जिना चढवत नाही ना आता, जरा डोळा लागलाय. तर तुमचं म्हणणं काय, दारावरचा बीम फोडता येत नाही ना? वर झोपायची खोली आहे, ती खाली येईल — बरोबर? बरोबरच. मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत आहे, घर बांधताना हेच उभे होते बीमखाली.

मग तुम्हाला बोलावलं कशाला? तेच तर सांगते. तुमच्याआधी दोघं येऊन गेले. दोघांनी वर बघितलं, मान हलवली, हे म्हणाले, 'बघ, काही इलाज नाही,' आणि पुन्हा गाडीखाली शिरले. मागोमाग मी, टॉर्च घेऊन. हा बघा, खिशातच असतो. उद्या देवानं विचारलं, बाई, संसारात काय केलंस, तर सांगेन, टॉर्च धरला. आणि वर बोलणी खाल्ली — 'इकडे नको, तिकडे धर, हातात जीव आहे की नाही तुझ्या!'

जीव ह्यांच्याच हातातला गेला की हो. आधी डावा पाय — चालता चालता चप्पल मागे राहायची, ह्यांना पत्ताच नाही, मी उचलून आणायची. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचं दुखणं आहे, हळूहळू सगळंच जाईल, पाय, हात, मग घास गिळणंसुद्धा — औषध नाही. घरी आले, जेवले नाहीत, सरळ शेडमध्ये गेले आणि क्लच पायातला काढून गिअरच्या दांड्यावर आणला, हातानं दाबायचा. मग बोटं वळेनात, तर स्टिअरिंगला मूठ बसवली. मग चढता येईना, तर पिंजऱ्याला कप्पी बांधली, स्वतःला ओढून घ्यायला. ह्यांचा एकेक अवयव जायचा आणि गाडीला एकेक फुटायचा. मला वाटलं, बरं आहे, माणूस गुंतलाय तेवढाच.

मग एक दिवस बाजूची सीट काढली. माझी सीट, मिस्त्री! तिची गादी मी शिवली होती — 'तुला डोंगरावर नेणार, वाट संपते तिथं बसून चहा पिऊ,' हे लग्नापासून चाललंय. म्हटलं, सीट का काढलीत? म्हणे, वजन होतं. वजन! पुढं एवढा लोखंडी बंपर, चिखलातून गाडी ओढून काढायचं यंत्र, त्याचा दोर — आणि वजन माझं! भांडले मी, तोंडाला येईल ते बोलले. हे सीटचे बोल्ट डब्यात टाकत राहिले. तेव्हाच मला कळलं. तुम्ही परके म्हणून बोलते, पोटच्या मुलीलाही सांगितलेलं नाही — ज्याला परत यायचं असतं तो बायकोची सीट काढत नाही. ती वाट कड्यापाशी संपते. पुढं काही नाही.

तरी मला झोप लागते. का? त्या तीन बोटांमुळं. आणि गंमत सांगू? बीम फोडायची गरजच नाही. चाकांतली हवा सोडायची! खडकावर गाड्या चढवणारी मंडळी तेच करतात, हवा कमी केली की टायर पसरतो, दगडाला धरून चालतो — परत भरायला सीटखाली पंपसुद्धा बसवलाय. एवढाली चाकं, पार बसली की तीन बोटं सहज. ह्यांना माहीत नाही होय? ह्यांनीच मला शिकवलं! माहीत आहे आणि करत नाहीत. गवंडी बोलावतात, बीमकडे बघतात, 'काही इलाज नाही' म्हणतात. म्हणजे मनातून जायचं नाहीये ह्यांना, नुसतं जायचंय म्हणायला हवंय. आम्ही दोघं त्यावर चकार शब्द काढत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा तुमचं काम एवढंच — हे उठले की मान हलवा, म्हणा, नाही जमणार, आणि—

काय?

कधी? — मघाशी? मापाची टेप लावताना? अहो, मी चहा टाकायला गेले तेवढ्यात— नक्की काय म्हणालात? 'साहेब, हवा सोडली की निघेल'... आणि हे? हसले? कसे हसले? — नाही, नाही, तुमचं काय चुकलं, तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत. त्या दोघांना सुचलं नाही हे माझं नशीब. पण आता दुसऱ्याच्या तोंडून निघालं ना! आता सुचलंच नाही असं कसं दाखवणार? आता बसून राहिले तर भ्याले असं होईल, आणि ह्यांचा स्वभाव — मोडेन पण वाकणार नाही—

थांबा. बोलू नका.

ऐकलंत? ती सुरसुर... हवाच आहे. थांबली बघा. आता पाय ओढतायत, पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे. जागेच होते म्हणजे. माझं सगळं ऐकलं असेल? मागच्या कोपऱ्यात मिट्ट काळोख असतो हो, व्हॉल्व्ह सापडायचा नाही ह्यांना. सापडूच नये. देवा, सापडूच नये.

टेप घ्या तुमची. कप राहू दे तिथंच. निघा मिस्त्री, खरंच निघा — काही बोलू नका, मला हाक मारतायत. टॉर्च मागतायत.

हो, आले!