जवायाचा गुणाकार

आमच्या जवायाले घरी किती बी चहा पाज, पण वावरातल्या मोटरीपाशी नेऊ नको, बाप्पा!

ते वर्ध्याले ट्युशनमध्ये फिजिक्स शिकवते. दिवाळीले आमच्या गावी आंजीले आले, तं खिशात करंट मोजायचं नवीन मीटर. आता आमचं कनेक्शन तीन एचपीचं, बिल बी तीनचंच, म्हणून बाबांनी पाचच्या मोटरीवर तीनची पाटी ठोकलेली. जवाई मोटरीपाशी आले, तवा बाजूले बिजली कंपनीचा लाइनमन फ्यूज बांधून चहा पिऊन राह्यला होता. जवायानं मीटर वायरीले लावलं.

"मामाजी, चारशे व्होल्ट, आठ अँपिअर, वरून तीनचं वर्गमूळ. गुणाकार करा, वाया जाते ते काढा. पाटी खोटी हाये, मोटर पाचची हाये!"

बाबा खोकलले. जवायाले वाटलं, सासऱ्याले समजलं नाई. त्यानं सारं पुन्हा सांगितलं, जोरानं.

लाइनमननं कप खाली ठेवला. "काका, मी फक्त पाटी वाचत होतो, तवर बरं होतं. आता कानावर आलं, मी काय करू?"

तवापासून जवाई वावराकडे निघाले का बाबा आधी पळत जाऊन स्टार्टर बंद करते.

"व्होल्ट पाहिजे तेवढे घे म्हना," म्हणते. "करंट शून्य. कर आता गुणाकार!"